व्हॉल्व्हचा रेडिओ गाडीच्या बॅटरीवर लावताय? या चुका टाळा

कोकणात पावसाळ्यात लाइट गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. मग माळ्यावरचा जुना रेडिओ खाली येतो आणि गाडीच्या बॅटरीकडे नजर जाते. बेत चांगला आहे, पण सेट कोणत्या जातीचा हे न पाहता वायर जोडली की घात होतो.

आधी मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून व्हॉल्व्हचे, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांचे नंबर वाचा. ईसीएच ८१, ईएल ८४ असे ‘ई’चे नंबर म्हणजे ६.३ व्होल्टचे फिलॅमेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार), सेट बहुधा मेन्सचा, म्हणजे घरच्या लाइटीवर चालणारा. ‘यू’चे नंबर म्हणजे ट्रान्सफॉर्मर नसलेला एसी-डीसी सेट, याच्या चासीत (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यात) करंट असू शकतो, तिला हात लावू नका, अर्थिंगही देऊ नका.

‘डी’चे नंबर (डीके ९१, डीएल ९४) दिसले तर तो ड्राय बॅटरीचा सेट. फिलॅमेंटला १.४ व्होल्ट, एचटीला (व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणारा जास्त व्होल्टेजचा पुरवठा) ९० व्होल्ट. इथे थेट १२ व्होल्ट दिले तर चारही व्हॉल्व्ह क्षणात जातात. मध्ये रेझिस्टन्स घालणंही धोक्याचंच: एक व्हॉल्व्ह काढला किंवा गेला की उरलेल्यांवर व्होल्टेज चढतं. चार व्हॉल्व्हचे फिलॅमेंट मिळून सुमारे २५० मिलिअँपिअर घेतात, त्यांना टॉर्चचा एक मोठा सेल पुरतो. एचटीसाठी ९ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या सिरीजमध्ये. गाडीची बॅटरी लागतच नाही! फक्त ९० व्होल्टचा झटका लागतो, हे विसरू नका.

व्हायब्रेटरचा सेट (थरथरणाऱ्या कॉन्टॅक्टने बॅटरीचं व्होल्टेज चढवून घेणारा) असेल तर तो ६ व्होल्टचा की १२ चा, आणि अर्थिंग प्लसला आहे की मायनसला, हे मागच्या पट्टीवर पाहा. चालू केल्यावर घूं असा आवाज आला नाही तर लगेच बंद करा. कॉन्टॅक्ट चिकटले असतील तर ट्रान्सफॉर्मर जळेल. व्हायब्रेटर बदलताना बफर कंडेन्सरही (कॉन्टॅक्टची ठिणगी आवरणारा) नवा घाला, व्हॅल्यू तीच आणि १६०० व्होल्टचा. जुना लीक असेल तर नवे कॉन्टॅक्टही जाळतो.

मेन्सच्या सेटला प्युअर साइन इन्व्हर्टर (घरच्या लाइटीसारखाच एसी देणारा) घ्या, १५० वॅटचा. स्वस्त इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, तापतो आणि मीडियम वेव्हवर नुसती खरखर येते. इन्व्हर्टर रेडिओशेजारी ठेवून बॅटरीपासून १२ व्होल्टची लांब वायर ओढणं ही नेहमीची चूक. ५० वॅटचा सेट बॅटरीतून साधारण ५ अँपिअर ओढतो. ५ मीटर अंतरावर १ स्क्वेअर एमएम वायरीत जवळजवळ १ व्होल्ट गळतो आणि इन्व्हर्टर टूंटूं करायला लागतो. इन्व्हर्टर बॅटरीजवळ ठेवा, २३० व्होल्टची वायर रेडिओपर्यंत न्या. खरखरही त्यामुळे कमी होते. प्लसच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज हवाच.

६० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी निम्मी, म्हणजे पाच-सहा तासच वापरा. गाडीची बॅटरी पूर्ण उतरवली की पुढे स्टार्टर फिरत नाही. खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढतो, तो गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून व्हॅसलीन लावा.

वर्षानुवर्षं दमट हवेत पडलेला मेन्सचा सेट पहिल्यांदा ६० वॅटच्या बल्बच्या सिरीजमध्ये घरच्या लाइटीवरच तपासा. बल्ब उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीतच राहिला तर शॉर्ट आहे. मग ईएल ८४ च्या (स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडला, म्हणजे सिग्नल आत येतो त्या पिनेला मीटर लावा. शून्याच्या वर काही व्होल्ट दिसले तर कपलिंग कंडेन्सर (आधीच्या व्हॉल्व्हकडून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) लीक आहे. तिथे ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर बसवा. तसाच चालवला तर ईएल ८४ ची प्लेट लाल होते.