टार्बर्ट म्हणजे नक्की कुठलं, ते आधी विचारा

स्कॉटलंडात नव्याने आलेले लोक बँक खातं, जीपीकडे (म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे) नोंदणी आणि कौन्सिल टॅक्स याबद्दल विचारतात. ते तुम्हाला ग्रुपवर कुणीही सांगेल. मी गावांच्या नावांबद्दल सांगतो, कारण त्यापायी लोकांचे पैसे बुडताना पाहिलेत.

हायलँड्समधली बहुतेक नावं गेलिक या जुन्या स्कॉटिश भाषेतली आहेत आणि त्यातली बरीचशी जागेचं सरळ वर्णन करतात. म्हणूनच एकच नाव चार-चार ठिकाणी सापडतं. 'टार्बर्ट' म्हणजे दोन पाण्यांमधली जमिनीची चिंचोळी पट्टी, जिथून होड्या ओढत पलीकडे नेता येतात. १२६३ साली नॉर्वेच्या हाकोन राजाच्या माणसांनी लॉख लाँगमधून लॉख लोमंडमध्ये (लॉख म्हणजे सरोवर किंवा समुद्राची खाडी) जहाजं अशीच ओढत नेली, तिथलं गाव टार्बेट. किनटायर द्वीपकल्पाच्या मानेवर टार्बर्ट, हॅरिस बेटावर टार्बर्ट, जुरा बेटावरही टार्बर्ट! ओळखीच्या एका कुटुंबाने हॅरिसमधलं घर आठवडाभरासाठी घेतलं आणि ग्लासगोहून गाडी हाणत पोचले किनटायरला. हॅरिसला जायला स्काय बेटावरच्या उइगहून फेरीबोट लागते. पहिली रात्र गेली, फेरीचं तिकीट गेलं, पोरं रडून बेजार.

म्हणून सांगतो, पोस्टकोड बघा. हॅरिस एचएस३, किनटायरच्या बाजूचं पीए२९, लोमंडकाठचं जी८३. गावाचं नाव टाकून सॅटनॅव्हवर विसंबू नका. 'बेन मोर' म्हणजे मोठा डोंगर. तेही एकच नाही. तिथेही पोस्टकोड, नाहीतर नकाशाचा संदर्भ. पैसे भरायच्या आधी.

घर भाड्याने घेताना पत्त्यात 'इंच' दिसलं तर थांबा. गेलिक 'इनिश' म्हणजे बेट किंवा नदीकाठची सखल कुरणं. पर्थ शहरातलं नॉर्थ इंच हे मैदान टे नदीला लागूनच आहे आणि १९९३च्या जानेवारीत तिथे पाणी भरलं होतं. घरमालक हे सांगणार नाही. सेपा या सरकारी संस्थेचा पूरनकाशा फुकट आहे, तो उघडा. 'इनव्हर' म्हणजे नदीचं मुख, 'किन' म्हणजे टोक, 'बाल' म्हणजे वाडी, 'ड्रम' म्हणजे डोंगराची धार. एवढ्यावर निम्मा नकाशा वाचता येतो. पण प्रत्येक 'किल' म्हणजे चर्चच असं समजू नका, कधीकधी ते रान असतं.

'ब्यॅलख' म्हणजे खिंड. ॲपलक्रॉस गावाकडची ब्यॅलख ना बा, म्हणजे गुरांची खिंड, ६२६ मीटरवर जाते. शिकाऊ चालक आणि कॅरव्हॅनवाल्यांनी येऊ नये अशी पाटीच आहे. आपल्यातले काही शूर 'खंबाटकी चढलोय' म्हणत हिवाळ्यात भाड्याची मोटारहोम घेऊन निघतात. त्यांच्यासोबत जाऊ नका.

उच्चारांचं टेन्शन घेऊ नका, स्कॉटिश माणूस हसत दुरुस्त करतो. स्पेलिंग कसंही असो, ग्लासगोजवळचं गाव मलगाय (हो, आपली गाय) आणि केअर्नगॉर्मजवळचं किन्यूसी. 'लॉख'मधला आवाज आपल्या खच्या जवळचा आहे, मग इंग्रजांसारखं 'लॉक' कशाला म्हणायचं?

ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवर मात्र हे काही चालत नाही. तिथली नावं नॉर्स (व्हायकिंग) लोकांची आहेत, आणि तिथे गेलिक पाजळलंत तर लोक चिडतात.