आधी कक्षा गाठा, मग मालिका लावा

अंतराळाचे गेम आणि विज्ञानकथांच्या मालिका या दोन्हींचा मनापासून आनंद घ्यायचा असेल, तर दोन्ही एकत्र सुरू करा. पण पहिला हात गेमला लावा. मालिकेत जहाज उलटं फिरतं, इंजिन पेटतं, माणसं खुर्चीत दाबली जातात, आणि आपल्याला ते नुसतं चित्र वाटतं. तेच एकदा स्वतः केलेलं असलं, इंधन संपत आलेलं असताना जहाज वळवलेलं असलं, की त्याच प्रसंगाला आपण सोफ्यावरून पुढे सरकून बसतो.

मी भोसरी एमआयडीसीत सीएनसी सेटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं कामासाठी लावून देतो. कामावर सगळा हिशोब मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते. त्या दुपारी कॉलेज सुटलं की भाची येते आणि आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसतो. रात्री जेवताना मालिकेचा एक एपिसोड. या पद्धतीने आम्ही जे शिकलो, ते इथे क्रमाने सांगतो.

पहिला गेम ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ घ्या. दिसायला हा लहान मुलांचा वाटतो: हिरवी, मोठ्या डोक्याची माणसं, जाडजूड रॉकेटं. त्यावर जाऊ नका. कक्षेचं गणित याच्याइतकं हातात देणारा दुसरा गेम मी पाहिलेला नाही. मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड या कंपनीचं मूळ काम जाहिरात-मार्केटिंगचं. तिथला फेलिपे फालांगे हा मुलगा गेम बनवायचे म्हणून नोकरी सोडायला निघाला, तर मालकांनी त्याला सांगितलं की इथेच बनव. २०११ मध्ये पहिली आवृत्ती आली, २०१५ मध्ये पूर्ण गेम. याचा दुसरा भागही दुकानात दिसेल, पण तो २०२३ मध्ये अर्धवट आला आणि पुढे पूर्ण झाला नाही. पहिलाच घ्या, सेल लागेपर्यंत थांबलात तर पुष्कळ स्वस्त मिळतो. साध्या लॅपटॉपवर चालतो, फक्त रॉकेटला पार्ट कमी लावा. प्रत्येक पार्टचा हिशोब कॉम्प्युटरला वेगळा करावा लागतो, त्यामुळे शंभर-दोनशे पार्ट झाले की गेम अडखळायला लागतो.

सुरू करताना तीन मोड विचारतील. ‘सँडबॉक्स’मध्ये सगळे पार्ट एकदम समोर येतात आणि नवा माणूस गांगरतो. ‘करिअर’मध्ये पैशांची चिंता असते. ‘सायन्स’ निवडा. तापमान मोजा, माती उचला, अहवाल आणा, आणि त्यावर नवे पार्ट मिळवा. हळूहळू शिकवणारा मोड हाच आहे.

आता पहिली कक्षा. बहुतेक लोक रॉकेट सरळ वर नेतात. ते वर जातं आणि सरळ खाली येतं. कक्षेत राहायला उंची थोडी आणि आडवा वेग खूप लागतो, हे इथे पोटात उतरतं. गेममधला कर्बिन हा ग्रह लहान आहे, त्रिज्या ६०० किलोमीटर, पण गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकंच. हवा ७० किलोमीटरवर संपते. तिथे कक्षेसाठी सेकंदाला साधारण २.३ किलोमीटर वेग पुरतो. आपल्या पृथ्वीवर खालच्या कक्षेला तो ७.८ किलोमीटर लागतो. म्हणजे गेमने गणित तेच ठेवलंय, फक्त आकार आवाक्यात आणलाय.

उड्डाण असं करा. रॉकेट बांधताना गेम ‘डेल्टा-व्ही’ नावाचा आकडा दाखवतो. रॉकेट एकूण किती वेग बदलू शकेल त्याचा तो आकडा, आणि तो ३,४०० मीटर प्रति सेकंदाच्या वर असू द्या. उड्डाणानंतर वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास गेला की नाक पूर्वेकडे किंचित झुकवा. ग्रह स्वतः पूर्वेकडे फिरतो, त्यामुळे जवळपास १७५ मीटर प्रति सेकंद वेग फुकट मिळतो. दहा किलोमीटरवर पोचाल तेव्हा नाक साधारण ४५ अंशांत असावं. मग नकाशा उघडा. मार्गाचा सर्वांत उंच बिंदू ८० किलोमीटर झाला की इंजिन बंद. आता घाई करू नका, जहाजाला वर तरंगत जाऊ द्या. त्या उंच बिंदूजवळ नाक क्षितिजाला आडवं धरून पुन्हा इंजिन पेटवा आणि नकाशातली रेघ ग्रहाभोवती पूर्ण होईपर्यंत चालू ठेवा. ती रेघ जुळली तेव्हा भाची ओरडली, “मामा, बंद कर, बंद कर, झाली!” तुमच्याही घरात असा आवाज होईल.

याच आठवड्यात ‘द एक्सपान्स’ ही मालिका लावा. २०१५ ते २०२२, सहा सीझन, ६२ एपिसोड. पहिले तीन एपिसोड नावं आणि गट लक्षात ठेवण्यात जातात. पृथ्वी, मंगळ आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात राबणारे लोक, असे तीन पक्ष आहेत एवढं धरून ठेवा. चौथ्या एपिसोडपर्यंत थांबा. तो पाहून मालिका सोडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. सबटायटल्स चालू ठेवा, कारण पट्ट्यातल्या कामगारांची स्वतःची भाषा आहे. निक फार्मर या भाषातज्ज्ञाने ती मालिकेसाठी घडवली.

बघताना लक्ष कुठे ठेवायचं तेही सांगतो. जहाजाचे मजले इमारतीसारखे एकावर एक आहेत आणि इंजिन तळमजल्याखाली. इंजिन चालू असतं तेव्हा तोच जोर पायाखाली वजन निर्माण करतो, आणि इंजिन थांबलं की सगळे चुंबकी बुटांवर येतात. अर्ध्या वाटेवर जहाज उलटं फिरतं आणि उरलेला रस्ता इंजिन पुढे करून वेग कमी करत जातं. कर्बलमध्ये उतरताना तुम्ही नेमकं हेच करता. पट्ट्यातल्या सेरेस या बटुग्रहावर दारू ओतली तर ती ग्लासात वाकडी पडते, कारण तिथलं वजन फिरण्यातून आलेलं आहे. निरोप पाठवला की उत्तराला वेळ लागतो, प्रकाशालाही पोचायला वेळ लागतोच ना! मालिकेचे प्रमुख निर्माते नरेन शंकर हे उपयोजित भौतिकशास्त्रातले पीएचडी आहेत, त्याआधी ‘स्टार ट्रेक’चे विज्ञान सल्लागार होते. त्यांची नजर फ्रेमफ्रेममध्ये जाणवते. आणि संयुक्त राष्ट्रांच्या सत्तेत वावरणारी ती साडी नेसलेली अवसराला! ती भूमिका करणाऱ्या शोहरे अगदाश्लू यांचा तो आवाज मूळ इंग्रजीतच ऐका, डबिंगमध्ये घालवू नका.

एक गोष्ट मालिकेने कल्पनेतून घेतली आहे ती म्हणजे इंजिन. मी कागदावर हिशोब केला. मंगळ जवळ असताना अंतर सुमारे ७.८ कोटी किलोमीटर. पृथ्वीच्या एक तृतीयांश त्वरणाने अर्धी वाट वेग वाढवत आणि अर्धी वाट कमी करत गेलं, तर साडेतीन दिवसांच्या आसपास पोचतो. आपलं मंगळयान १ डिसेंबर २०१३ ला पृथ्वीची कक्षा सोडून निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं. जवळपास दहा महिने. असा एखादा हिशोब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. मालिका त्याने फिकी होत नाही, उलट तिने नेमकं काय गृहीत धरलंय ते कळून ती अधिक भरीव वाटते.

परत गेमकडे. पुढचा टप्पा चंद्र. कर्बिनला दोन चंद्र आहेत. मुन १२,००० किलोमीटरवर आणि मिन्मस ४७,००० किलोमीटरवर. सगळे मुनकडे धावतात. माझा सल्ला वेगळा आहे: मुनला फेरी मारून या, पण पहिल्यांदा उतरा ते मिन्मसवर. तो लांब असला तरी त्याचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या विसाव्या हिश्शाइतकंच आहे, आणि त्यावर गोठलेल्या तळ्यांसारखी सपाट मैदानं आहेत. तिथे विचार करायला वेळ मिळतो. मुनवर उतार फार, जहाज आडवं पडतं. लॅन्डर, म्हणजे उतरणारं यान, बुटका आणि पाय पसरलेला बनवा. हवा नाही, तेव्हा पॅराशूटचा उपयोग शून्य. आधी आडवा वेग कमी करा, मग उभा. मुनला निघण्याची खूण सोपी आहे: खालच्या कक्षेत फिरताना मुन क्षितिजावर उगवताना दिसला की जाताय त्याच दिशेला इंजिन पेटवा, साधारण ८६० मीटर प्रति सेकंद वेग वाढेपर्यंत.

मग येतं दोन जहाजं जोडणं, आणि इथे थांबून नीट समजून घ्या. पुढचं जहाज गाठायचं म्हणून वेग वाढवला तर आपली कक्षा उंच होते, फेरी लांबते आणि आपण मागे पडतो. गाठायचं असेल तर वेग कमी करून खालच्या, लहान कक्षेत जावं लागतं. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ४ या यानातून अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याकडे नाक रोखून जाण्याचा प्रयत्न केला, तो साधला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेमिनी ६ए आणि जेमिनी ७ एकमेकांजवळ आणता आली. १६ जानेवारी २०२५ ला इस्रोने स्पेडेक्स या जोडणीच्या प्रयोगातले दोन उपग्रह कक्षेत जोडले. त्याआधी ते इंचाइंचाने जवळ आणले जात होते, तारीख पुढे जात होती, आणि आमच्या कॅन्टीनमध्ये लोक विचारत होते की एवढा वेळ का. ज्याने कर्बलमध्ये एकदा जोडणी केली आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. शेवटच्या शंभर मीटरमध्ये वेग सेकंदाला एक मीटरच्या खाली ठेवा, आणि मुख्य इंजिनाला हात लावू नका.

हे जमलं की एक मोहीम मुद्दाम करा: चंद्रयान ३ ची वाट. १४ जुलै २०२३ ला ते निघालं, चंद्राकडे वळलं १ ऑगस्टला. मधले दिवस ते पृथ्वीभोवती लांबट कक्षेत फिरत होतं, आणि ती कक्षा टप्प्याटप्प्याने ताणत सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे नेली होती. यानाचं मुख्य इंजिन होतं ४४० न्यूटनचं, आणि वस्तुमान जवळपास ३,९०० किलो. एवढ्या लहान इंजिनाने एका दमात जाता येत नाही. म्हणून प्रत्येक फेरीत पृथ्वीच्या जवळ, वेग सर्वांत जास्त असताना ते थोडा वेळ पेटवायचं. नागपंचमीच्या झोक्यावर खालून जाताना जोर लावला की झोका उंच जातो, तसंच हे आहे. गेममध्ये ‘अँट’ नावाचं छोटं इंजिन लावून हे करा. प्रत्येक वेळी कक्षेच्या सर्वांत खालच्या बिंदूच्या थोडं आधी पेटवा आणि तो ओलांडल्यावर थोड्या वेळाने बंद करा. दर फेरीला वहीत उंची आणि उरलेलं इंधन लिहा. कामावर यंत्र लावताना मी सेटअप शीट, म्हणजे नोंदींचा कागद, लिहितो तशीच ही वही ठेवली आहे, आणि तिच्यामुळे पुढचं रॉकेट बांधताना अंदाजाने इंधन भरायची वेळ येत नाही.

अडकलेला अंतराळवीर असेल तर जुना सेव्ह उघडू नका. त्याला आणायला दुसरं यान पाठवा. या गेममधल्या सर्वांत चांगल्या गोष्टी अशाच घडतात.

या टप्प्यावर ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ ही मालिका लावा. इथे १९६९ मध्ये चंद्रावर पहिलं पाऊल सोव्हिएत अंतराळवीर ठेवतो आणि शर्यत थांबतच नाही. पुढे बर्फासाठी दक्षिण ध्रुवाजवळच्या शॅकलटन विवरापाशी तळ उभा राहतो. चंद्रावर पाण्याच्या खुणा खरोखर सापडल्या त्यात २००८ च्या चंद्रयान १ चा मोठा वाटा होता, हे ठाऊक असलेल्या आपल्या माणसाला ते प्रसंग जवळचे वाटतात. घरगुती भांडणं काही ठिकाणी लांबतात, ती सोसा.

आणखी दोन गेमची नावं कानावर येतील. ‘एलिट डेंजरस’मध्ये आपली आख्खी आकाशगंगा आहे, ४० हजार कोटी ताऱ्यांची. पण ज्याच्याकडे रोज दोन-तीन तास आहेत त्याने तिकडे जावं. ‘नो मॅन्स स्काय’ रंगीत आणि निवांत आहे, लहान मुलांबरोबर छान. कक्षेचं गणित मात्र त्यात नाही.

‘आउटर वाइल्ड्स’ सर्वांत शेवटी ठेवा. २०१९ चा हा गेम अलेक्स बीचम यांच्या विद्यापीठातल्या प्रबंध-प्रकल्पातून वाढला. एक चिमुकली सूर्यमाला, लाकडी जहाज, हातात एकही शस्त्र नाही. इथे जहाज सुधारत नाही, बळ वाढत नाही. वाढतं ते फक्त आपल्याला काय ठाऊक आहे तेवढंच. म्हणून तो आयुष्यात एकदाच पहिल्यांदा खेळता येतो. त्याबद्दल काहीही वाचू नका, व्हिडिओ बघू नका, मित्राला विचारू नका. हेडफोन लावा. वेगवेगळ्या ग्रहांवर बसलेले प्रवासी एकेक वाद्य वाजवत असतात, आणि दूरचे आवाज पकडणारं गेममधलं यंत्र त्या दिशेला धरलं की ते ऐकू येतं. भाची त्या वेळी परीक्षेत होती, म्हणून ती येईपर्यंत मी तो उघडलाही नाही. दोघांनी खेळायचं तर एकाने जहाज चालवावं आणि दुसऱ्याने भिंतींवरचे मजकूर मोठ्याने वाचावेत, दर तासाला अदलाबदल. अडलात तर जहाजातली नोंदवही उघडा, नकाशात जिथे अजून काही शोधायचं उरलंय अशी खूण असेल तिकडे जा, आणि तिथेही काही सुचलं नाही तर लॅपटॉप बंद करून दुसऱ्या दिवशी बसा.