ठाणे-नवी मुंबईच्या धावपळीत फोनची बॅटरी संध्याकाळपर्यंत कशी टिकवावी

सकाळी १०० टक्के भरून घेतलेला फोन दुपारी चारलाच लाल होतो, तेव्हा बहुतेक जण उघडी ॲप्स एकेक करून वर सरकवतात आणि बॅटरी वाचली असं समजतात. ती वाचत नाही. मागे थांबवलेलं ॲप जवळपास काही खात नाही. ते बंद करून पुन्हा मुळापासून उघडताना मात्र प्रोसेसरला जास्त काम पडतं. कल्याण-डोंबिवलीहून ठाण्याला, ठाण्याहून ट्रान्स हार्बरने ऐरोली-घणसोली-वाशीला जाणाऱ्यांच्या फोनची बॅटरी खातात त्या मुख्यतः दोन गोष्टी: कमकुवत सिग्नल आणि उजळ स्क्रीन. आधी त्यांचा बंदोबस्त करा. लोकलचा पास फोनमध्ये असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण बंद फोनमधला पास टीसीला दाखवता येत नाही.

आधी खाणारा शोधा

संध्याकाळी फोन चार्जिंगला लावण्यापूर्वी सेटिंग्ज, मग बॅटरी, मग बॅटरी युसेज उघडा. नावं थोडी वेगळी असतील, पण हे पान प्रत्येक फोनमध्ये असतं. स्क्रीन सगळ्यात वर असेल तर उपाय ब्राइटनेसचा. 'मोबाइल नेटवर्क' वर असेल तर सिग्नलचा. एखादं ॲप तुम्ही पाच मिनिटं वापरलं आणि त्याने बॅकग्राउंडला तासभर काम केलं असं दिसलं, तर चोर तिथेच सापडला. आयफोनवर काही वेळा ॲपच्या नावाखाली 'लो सिग्नल' असं लिहूनच येतं.

फोन नवा असेल किंवा नुकताच मोठा अपडेट झाला असेल, तर दोन-तीन दिवस थांबून मग बघा. त्या काळात फोन फोटो आणि फाइल्सची आतल्या आत जुळवाजुळव करत असतो, त्यामुळे आकडे फसवे येतात.

सिग्नल: खरं गळतं ते इथे

टॉवर लांब असला किंवा मध्ये भिंत आली, की फोन आपला आवाज चढवतो, म्हणजे प्रक्षेपणाची ताकद वाढवतो. लोकलचा डबा धातूचा, आत खच्चून गर्दी, त्यातल्या प्रत्येकाच्या हातात फोन, आणि गाडी पुढे जाईल तसा टॉवर बदलत राहतो. त्यातच रील्स चालू असतील, तर बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. गाणी, मालिका, बातम्या घरच्या वायफायवर आदल्या रात्रीच डाउनलोड करा आणि गाडीत बसल्यावर मोबाइल डेटा बंद ठेवा. कॉल आणि एसएमएस तरीही येतात. झोप काढायची असेल तर सरळ एअरप्लेन मोड लावा.

५जीचा प्रश्न वेगळा. काही कंपन्यांच्या ५जीमध्ये फोनला ४जी आणि ५जी अशा दोन्ही जोडण्या एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, आणि ५जीचं कव्हरेज तुटक असेल तिथे तो सारखा इकडून तिकडे उड्या मारतो. ज्यांना दिवसभर फक्त व्हॉट्सॲप, यूपीआय आणि मेल लागतो, त्यांनी ४जीवर यावं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या मोबाइल नेटवर्कमध्ये जाऊन सिम निवडा आणि 'प्रिफर्ड नेटवर्क टाइप'मध्ये एलटीई (म्हणजे ४जी) लावा. आयफोनवर हे 'व्हॉइस अँड डेटा'मध्ये मिळतं. त्याखाली २जीपर्यंत उतरू नका. जिओचं २जी नेटवर्कच नाही, त्यामुळे फोन नुसता शोधत बसेल.

आता ऑफिस. ऐरोली, महापे, वागळे इस्टेट अशा भागांतल्या काचेच्या इमारतींत उन्हाची उष्णता अडवण्यासाठी काचेवर अनेकदा धातूचा पातळ थर असतो. तो थर मोबाइलचा सिग्नलही अडवतो. मधल्या केबिनमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगजवळ बसणाऱ्यांचा फोन आठ-नऊ तास नेटवर्कसाठी झगडत राहतो. अंदाजावर जाऊ नका, मोजा. अँड्रॉइडवर 'अबाउट फोन'मध्ये 'सिम स्टेटस' उघडा, तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएम या एककात, उणे आकड्यात दिसते. ४जीवर उणे ९०च्या आसपास असेल तर चांगलं, उणे ११०च्या खाली गेलं तर वाईट. वाईट असेल तर ऑफिसचं वायफाय घ्या आणि 'वायफाय कॉलिंग', म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून कॉल, चालू करा. जिओ आणि एअरटेल दोघांकडेही ही सोय आहे. मग एअरप्लेन मोड लावून पुन्हा फक्त वायफाय चालू केलं, तरी बहुतेक फोनवर कॉल येत राहतात. बॅटरीसाठी यापेक्षा परिणामकारक दुसरी युक्ती आम्हाला माहीत नाही. एकदा सहकाऱ्याला फोन लावायला सांगून खात्री करा, आणि बँकेचा ओटीपीही येतो का ते पाहा.

दोन सिम असतील आणि दुसरं फक्त रिचार्ज जिवंत ठेवण्यापुरतं असेल, तर कामाच्या वेळेत ते सेटिंग्जमधून बंद करा. त्याचाही शोध चालूच असतो.

स्क्रीन

ब्राइटनेस ऑटोवर ठेवा, पण लोकलच्या दारात उभं राहून उन्हात वाचू नका. तेव्हा स्क्रीन कमाल उजेडावर जाते. रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने काढते तो आकडा, १२० असेल तर ६० करा, स्क्रीन ३० सेकंदांत बंद होईल असं ठेवा, 'ऑलवेज ऑन डिस्प्ले' काढून टाका. डार्क थीमबद्दल मात्र गैरसमज फार. ती फक्त ओलेड किंवा ॲमोलेड स्क्रीनवर उपयोगी पडते, कारण तिथे काळा पिक्सेल प्रत्यक्षात बंद असतो. एलसीडीवर मागचा दिवा जळतच राहतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१च्या अभ्यासात पूर्ण ब्राइटनेसवर डार्क मोडने सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली, पण ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर फक्त ३ ते ९ टक्के. म्हणजे आधी ब्राइटनेस, मग रंग.

मागे चालणारी ॲप्स

बॅटरीच्या पानावर जे चोर सापडले तेवढ्यांनाच पकडा. ॲपच्या माहितीत बॅटरी उघडून 'रिस्ट्रिक्टेड' निवडा. खरेदी, जेवणाच्या ऑर्डरी आणि खेळांची ॲप्स इथे हमखास असतात. व्हॉट्सॲप, बँक आणि ऑफिसचं चॅट यांना हात लावू नका, नाहीतर मेसेज उशिरा येतील. लोकेशनची परवानगी 'ॲप वापरत असतानाच' अशी करा. व्हॉट्सॲपमध्ये मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. नातेवाइकांच्या ग्रुपवरचे सुप्रभात घरी वायफायवर उतरले तरी चालतील.

बॅटरी सेव्हर १५ टक्क्यांवर लावणं म्हणजे वरातीमागून घोडं. तो ४० ते ५० टक्क्यांवर आपोआप लागेल असं ठेवा. आयफोनमध्ये लो पॉवर मोड कंट्रोल सेंटरमधून कधीही लावता येतो.

ऑफिसात चार्जिंग, आणि पॉवर बँक

संगणकाच्या यूएसबीला फोन लावून तासभरात दहा टक्केही चढत नाहीत, यात फोनचा दोष नाही. साधा यूएसबी २ पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे २.५ वॅट. यूएसबी ३ पोर्ट ४.५ वॅट. हॉटस्पॉट चालू असेल तर चार्जिंगला लावूनही टक्के खाली येऊ शकतात. त्यापेक्षा फोनसोबत चालणारा फास्ट चार्जर टेबलाशी ठेवा आणि जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास लावा. लिथियम बॅटरी खालच्या टप्प्यात भराभर भरते आणि ८० टक्क्यांनंतर मुद्दाम हळू होते, त्यामुळे ३० वरून ७० पर्यंतचा वेळच कामाचा.

१०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरत नाही. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्टवर चढवताना आणि उष्णतेत बरंच जातं, आणि हाती साधारण दीड वेळा भरेल इतकं येतं. खोक्यावर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' छापलेली असते, ती वाचा. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल तर स्टेशनबाहेर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

ऊन आणि पाऊस

घोडबंदर रोडच्या कोंडीत मॅप चालू, वर ऊन आणि खाली चार्जर, अशी फोनची तिहेरी भाजणी होते. फार तापला की फोन स्वतःच चार्जिंग हळू करतो. एसीच्या झोताजवळ ठेवा, कव्हर काढा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून चार्ज करू नका; आत उष्णता कोंडते. पोर्ट ओला असेल तर फोन उलटा धरून हलके झटका आणि वाऱ्यावर किमान अर्धा तास सुकू द्या. तांदळात खुपसल्याने कण आणि पूड पोर्टमध्ये जाते.

इतकं करूनही टिकत नसेल

२० टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडल्याबरोबर फोन बंद पडत असेल, तर बॅटरी म्हातारी झाली. तिचा अंतर्गत रोध वाढतो आणि भार आला की व्होल्टेज कोसळतं. आयफोनमध्ये 'बॅटरी हेल्थ' बघा. ८० टक्क्यांच्या खाली गेलं तर बदला. सॅमसंगवर 'सॅमसंग मेंबर्स'मधल्या तपासणीत कळतं. बॅटरी कंपनीच्या अधिकृत केंद्रातून घाला. आणि फोनची मागची बाजू उचलली गेली असेल, स्क्रीनच्या कडेला फट दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे: चार्जिंग त्याच क्षणी थांबवा, दाबू किंवा टोचू नका, फोन बंद करून केंद्रात न्या. कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात टाकू नका.