स्क्रॅबलचे शब्द: पाठ करायचे, पण कुठले आधी?

स्क्रॅबलच्या, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून इंग्रजी शब्द बनवायच्या खेळाच्या, स्पर्धेत उतरायचं ठरवलं की नवा खेळाडू जाडजूड डिक्शनरी काढतो आणि 'ए'पासून पाठांतराला बसतो. ते करू नका. कॉलिन्सच्या अधिकृत यादीत पावणेतीन लाखांहून जास्त शब्द आहेत, 'बी' येईपर्यंत उत्साह मावळतो. त्याआधी आपली यादी कुठली ते बघा. आपल्याकडच्या स्पर्धा कॉलिन्सवर होतात, अमेरिकेत सहसा त्यांची वेगळी, छोटी यादी चालते. मोबाइलवर तिचाच सराव करून आलेला खेळाडू समोरच्याने लावलेलं सी-एच बघून चॅलेंज करतो, म्हणजे हा शब्दच नाही अशी हरकत घेतो, आणि तोंडावर पडतो. कॉलिन्समध्ये ते चालतं.

मी नवख्यांना आधी दोन अक्षरी शब्द करायला लावते. कॉलिन्समध्ये ते १२७ आहेत आणि अर्धा खेळ त्यांच्यावर उभा आहे, कारण शब्दाला चिकटून समांतर शब्द लावायचा तर मध्ये हेच लागतात. क्यू-आय घ्या. क्यूचे १० गुण. तो ट्रिपल लेटरच्या, म्हणजे अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या, घरात बसवून आडवा आणि उभा दोन्हीकडे क्यू-आय जुळवलात, तर दोन अक्षरी शब्दावर ६२ गुण! मग यूशिवाय क्यू असलेले शब्द करा. फकीर, तलाक, वक्फ हे तिन्ही क्यू घालून चालतात, म्हणजे आपलं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

सात अक्षरांचे शब्द त्यानंतर. रॅकवरच्या, म्हणजे टाइल्स ठेवायच्या पट्टीवरच्या, सातही टाइल्स एकदम लावल्या की ५० गुण वरकड मिळतात. इथे चमत्कारिक शब्दांच्या मागे लागू नका. रॅकवर वारंवार येणाऱ्या अक्षरांचे शब्द आधी करा. कार्डाच्या एका बाजूला अक्षरं वर्णक्रमाने लिहायची: ए, ई, आय, एन, आर, एस, टी. मागे उत्तरं: रिटेन्स, नॅस्टिअर, रेटिनाज, स्टेनर आणि आणखी काही. एनच्या जागी पी घातला की पार्टीज, पायरेट्स, ट्रेप्स. शब्द वाचून पाठ केला तर विस्कटलेल्या टाइल्समध्ये तो दिसत नाही, म्हणून अक्षरांकडून शब्दाकडे जायची सवय लागली पाहिजे. रोज थोडी कार्डं, चुकलेली उद्या पुन्हा.

अर्थ माहीत हवेतच का? न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने २०१५ मध्ये फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं. मी मात्र डोक्यात न बसणाऱ्या शब्दाचा अर्थ बघतेच. ए-आय म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ हा प्राणी, हे कळल्यावर तो विसरायला होत नाही.

आपल्या स्वयंपाकघरातले शब्द मात्र स्पेलिंगसाठी नीट बघून घ्या. रोटी, डोसा, इडली आहेतच; डाळ तर डी-ए-एल, डी-ए-एच-एल आणि डी-एच-ए-एल अशी तिन्ही प्रकारे चालते. एच अडकून पडला असेल तेव्हा शेवटची दोन फार उपयोगी पडतात.