सीएसएफ काउंट आणि पन्नासचा घोळ

डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाच्या) शेवटच्या वर्षाला असाल किंवा नुकतेच कुठे लागला असाल, तर पहिलं सीएसएफ (मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी) तुमच्या टेबलावर येणार ते बहुधा नाईटला, आणि तेव्हा विचारायला शेजारी कुणी नसणार. म्हणून हे लिहितेय. नॉर्मल रेंज, तीन ट्यूब कुठे जातात, शुगरसोबत रक्तातली शुगर का हवी, हे सगळं तुम्हाला पाठ असेल, ते पुन्हा उतरवत नाही. मला आणि माझ्यानंतर आलेल्या जवळपास प्रत्येकाला अडकवलं ते सेल काउंटनं. त्यातही एकाच गुणाकारानं.

रक्ताच्या डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) काउंटची हाताला सवय झालेली असते. टर्क फ्लुइड (तांबड्या पेशी फोडून पांढऱ्या रंगवणारं द्रावण), १:२० डायल्यूशन, चेंबरचे चार कोपरे, गुणिले पन्नास. हे पन्नास येतं कुठून, ते एकदा कागदावर मांडून बघा. न्यूबार चेंबर म्हणजे पेशी मोजायची चौकोन आखलेली काच; तिचा एक मोठा चौकोन १ चौरस मिलिमीटरचा, खोली ०.१ मिलिमीटर, म्हणजे आत मावतं ०.१ मायक्रोलिटर. चार चौकोनांत ०.४. त्यात वीसपट पातळ केलेलं. म्हणून दिसलेली प्रत्येक पेशी पन्नासच्या भावानं मोजली जाते. रक्तात पेशी हजारोंनी असतात, दोन-चार इकडेतिकडे झाल्या तर कुणाचं काही बिघडत नाही.

आता हेच पाण्यासारख्या स्वच्छ सीएसएफला लावा. चार कोपऱ्यांत एक पेशी दिसली, रिपोर्ट ५०. नाही दिसली, रिपोर्ट शून्य. मधला आकडाच नाही! मोठ्या माणसात नॉर्मल मायक्रोलिटरला ० ते ५. म्हणजे या पद्धतीनं ३ असा साधा नॉर्मल रिपोर्ट देताच येत नाही. एक तर निल, नाहीतर थेट मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज) शंका. ती ‘पेशी’ टर्कमधला जांभळा कचरा असली तरी तिची किंमत पन्नासच. उलट बाजू जास्त वाईट आहे. नमुन्यात खरोखर ३० पेशी असतील, तर चार कोपऱ्यांत सरासरी एकसुद्धा येत नाही. निम्म्याहून जास्त वेळा चारही कोपरे रिकामे दिसणार, आणि तुम्ही ‘निल’ लिहून चहाला जाणार. क्षयाच्या मेनिंजायटिसच्या सुरुवातीला काउंट एवढाच असू शकतो.

‘स्वच्छ तर दिसतंय’ हा दिलासाही खोटा आहे. डोळ्याला गढूळपणा जाणवायला साधारण २०० पेशी लागतात.

याचा फटका कुठे बसतो त्याचं उदाहरण पुण्यातलंच घ्या. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या भागात जीबीएसचे (गिलाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट एकामागून एक दाखल होऊ लागले. या आजारात सीएसएफचं चित्र ठरलेलं: प्रोटीन वाढलेलं, पेशी मात्र नॉर्मल. गिलाँ, बारे आणि स्ट्रोल यांनी १९१६ मध्ये दोन फ्रेंच सैनिकांत नेमकं हेच टिपलं होतं. (पहिल्या आठवड्यात प्रोटीनही नॉर्मल येऊ शकतं, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरून टेस्ट रिपीट करत बसू नका.) पेशी ५० च्या वर गेल्या की डॉक्टर जीबीएसच्या निदानावरच शंका घेतात. म्हणजे तुमच्या चेंबरमधला एक कचऱ्याचा ठिपका पेशंटला त्या रेषेवर नेऊन उभा करतो, दोन ठिपके पार पलीकडे.

मग करायचं काय? स्वच्छ सीएसएफ पातळ करायचंच नाही. ट्यूब हलक्या हातानं उलटीसुलटी करायची, पाश्चर पिपेट टर्कनं आतून ओलं करून पूर्ण रिकामं करायचं, त्यात सीएसएफ ओढायचं आणि चेंबर भरायचं. पिपेटच्या भिंतीला राहिलेल्या टर्कनं आरबीसी (तांबड्या पेशी) फुटतात, डब्ल्यूबीसीच्या केंद्रकाला रंग चढतो, आणि डायल्यूशन धरावं लागत नाही. चेंबर ओल्या कापसाच्या पेट्री डिशमध्ये झाकून पाच-दहा मिनिटं ठेवा. ही पाच मिनिटं कुणी देत नाही, पण पेशी तळाला बसल्याशिवाय तुम्ही मोजताय काय? मग चार कोपरे नाही, नऊच्या नऊ चौकोन. आलेल्या आकड्याला ०.९ नं भागायचं, संपलं. पाच दिसल्या तर साडेपाचच्या आसपास. फुक्स-रोझेंथाल चेंबर कपाटात धूळ खात पडलं असेल तर काढा, त्यात ३.२ मायक्रोलिटर मोजता येतं. गढूळ किंवा रक्ताळ नमुन्याला मात्र डायल्यूशन हवंच, तिथे वीसपट बिनधास्त करा.

एवढं जमलं की निम्मं भय जातं, खरंच. सीएसएफ अवघड नाही, फक्त थोडं असतं आणि पुन्हा मागता येत नाही.

रक्ताळ नमुन्यात दर ५०० ते १००० आरबीसीमागे एक डब्ल्यूबीसी वजा करायचा नियम तुम्हाला शिकवतील. माझं मत विचाराल तर वजाबाकी रिपोर्टात करू नका. दोन्ही काउंट द्या, कितव्या ट्यूबमधून केला ते लिहा, आणि सेंट्रिफ्यूजनंतर वरचं पाणी रंगहीन होतं की पिवळं, तेही लिहा. सुई लागून रक्त आलं असेल तर ते ताज्या नमुन्यात रंगहीन निघतं. मेंदूभोवती आधीच रक्तस्राव झाला असेल तर काही तासांनी पिवळेपणा येतो. कावीळ आणि खूप वाढलेलं प्रोटीन हेही पिवळं करतात, म्हणून अर्थ डॉक्टरांना लावू दे.

वेळेबद्दल मी कठोर आहे. साध्या तापमानाला तासाभरात साधारण एक तृतीयांश न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) विरघळतात, दोन तासांत निम्मे. वॉर्डच्या मामांच्या खिशात फॉर्मसकट गरम होत आलेली ट्यूब घेतलीत, तर एलपी (पाठीतून सुईनं पाणी काढणं) किती वाजता झाली ते सिस्टरना फोन करून विचारा आणि रिपोर्टात टाका. त्या चिडतील, चिडू दे. कल्चरची ट्यूब फ्रिजमध्ये ठेवणाऱ्याला तर मी बोलल्याशिवाय सोडत नाही; मेनिंजायटिसचा जंतू मेनिंगोकोकस थंडीत टिकत नाही.

सीनियरांविषयी एक सांगते. ‘क्लिअर आहे ना, निल टाक’ म्हणणारे भेटतील, रजिस्टरमध्ये मागच्या पानावरचा आकडा बघून नवा लिहिणारेही भेटतील. वाद घालू नका, स्वतःचं चेंबर भरा. शिकायचं असेल तर जो सीनियर स्वतः खुर्चीवरून उठून तुम्हाला फील्ड बघायला लावतो त्याला धरा. व्हिडिओ बघून लिम्फोसाइट ओळखता येत नाही. डिफरन्शियलही (कुठल्या प्रकारच्या पेशी किती) चेंबरमध्ये उरकू नका. सायटोस्पिन (पेशी स्लाइडवर गोळा करणारं मशीन) नसेल तर कमी वेगानं फिरवून गाळाचा स्मिअर करा आणि लीशमनचा रंग लावा.

प्रोटीनला सीरमचं बाययुरेट किट वापरू नका, ते ग्रॅममध्ये मोजतं आणि इथे मामला मिलिग्रॅमचा आहे. पायरोगॅलॉल रेडचं किट घ्या. इंडिया इंकमध्ये लिम्फोसाइटभोवतीचा उजेड बघून क्रिप्टोकोकस (एक बुरशी) ओरडू नका. कडा रेखीव असलेलं कवच आणि फुटलेला कोंब दिसू दे. झेडएन (टीबीच्या जंतूचा रंग) निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही असं होत नाही, सीएसएफमध्ये जंतू फार कमी असतात. सीबीनॅटला (टीबीची जनुकीय टेस्ट) पाठवायचं का ते डॉक्टरांना आठवण करून द्या, तेही नमुना संपायच्या आत.

म्हणून काउंट झाल्यावर उरलेलं टाकू नका. नाव आणि वेळ लिहून ती ट्यूब (कल्चरची नव्हे) फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी राउंडनंतर एडीएसाठी (टीबीच्या शंकेत करतात ती एन्झाइम टेस्ट) फोन येतोच.