घोड्यावर बसायचंय? आधी हेल्मेट नीट बसवा

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर उतरलं की घोडेवाले भोवती जमतात. भाव ठरतो, "घोडी एकदम गरीब आहे, लहान पोरं बसतात हिच्यावर" असं आश्वासन मिळतं आणि पाच मिनिटांत माणूस खोगिरावर असतो. हेल्मेट मिळालंच तर ते नुसतं डोक्यावर ठेवलेलं असतं, पट्टा हनुवटीखाली लोंबत असतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी किंवा अलिबागच्या किनाऱ्यावरही चित्र फारसं वेगळं नसतं. रायडिंग क्लबात शिकणाऱ्यांना निदान कुणी तरी ओरडून पट्टा लावायला लावतं. अर्ध्या तासाची रपेट मारणाऱ्या पर्यटकाला मात्र कुणी काही बोलत नाही, आणि खरं तर मांड कशी ठोकायची हे ठाऊक नसलेला तोच असतो. म्हणून हे सगळं मुख्यतः त्याच्यासाठी. मुलांना क्लासला घालणाऱ्या पालकांनाही उपयोगी पडेल.

घोडी गरीब आहे हे घोडेवाला खोटं सांगत नाही. पण घोडा हा शिकार होणारा प्राणी. धोका वाटला की आधी पळायचं आणि मग बघायचं, हा त्याचा स्वभाव. झाडावरून माकडाने उडी टाकली, कुणी छत्री फाडकन उघडली, वाऱ्याने प्लास्टिकची पिशवी पायात आली की शांतातला शांत घोडाही बिचकतो आणि एका अंगाला सरकतो. शिवाय घोडा ठेचकाळतो, त्यात त्याचा स्वभाव कुठे आला? ओल्या पेव्हर ब्लॉकवर नाल घसरते ही तर माथेरानच्या घोडेवाल्यांचीच तक्रार आहे.

आता उंची बघा. मध्यम चणीच्या घोड्यावर बसलेल्या मोठ्या माणसाचं डोकं जमिनीपासून साडेसात-आठ फुटांवर असतं. तिथून नुसतं खाली आलं तरी ते ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेगाने जमिनीवर आदळतं. घोडा उभा असताना. तो दुडक्या चालीने किंवा चौखूर निघाला असेल तर त्याचा वेग वर.

अनुभवी स्वारांचीही यातून सुटका नाही. कोर्टनी किंग-डाय ही अमेरिकेची ऑलिंपिक ड्रेसाजपटू. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली आणि हालचाली अचूक करून घेण्याची स्पर्धा. मार्च २०१० मध्ये फ्लोरिडात ती सपाट मैदानावर घोड्याचा सराव घेत होती. घोडा अडखळला आणि तिच्यासह पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, कवटीला मार बसला आणि ती जवळजवळ महिनाभर कोमात होती. त्या काळी ड्रेसाजमध्ये उंच काळी टॉप हॅट घालायची रीत होती. या अपघातानंतर अमेरिकेत हेल्मेटची मोहीम उभी राहिली. पुढे आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघानेही १ जानेवारी २०२१ पासून स्पर्धांत टॉप हॅट बंद करून हेल्मेट सक्तीचं केलं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं हे आपलं ४१ वर्षांनी आलेलं सुवर्ण, आणि त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. संघातली चौघंही हेल्मेट घालूनच उतरली होती.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. हेल्मेट डोकं वाचवतं, मान नाही. अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मेंदू शाबूत राहिला, पण मानेचे मणके मोडले आणि तो मानेखाली कायमचा लुळा झाला. हेल्मेट घातलं म्हणून घोडा पळवायची मुभा मिळत नाही.

पहिली पायरी: कुठलं हेल्मेट?

घरचं दुचाकीचं हेल्मेट न्यायचा मोह होतो. नेऊ नका. ते जड असतं, पडताना मानेवर त्याचा भार येतो, कान झाकले जातात आणि बाजूचं दिसत नाही. घोड्यावर बसल्यावर मागून येणाऱ्या टापांचा आवाज आणि घोडेवाल्याची हाक ऐकू यायलाच हवी. त्यावरचा आयएसआय शिक्का मोटरसायकलच्या अपघाताच्या हिशेबाने दिलेला असतो. सायकलचं हेल्मेट हलकं खरं, पण डोक्याचा मागचा भाग आणि कानशिलं ते पुरेशी झाकत नाही, आणि घोड्यावरून पडणारा माणूस बऱ्याचदा पाठीवर किंवा कुशीवर पडतो. अगदीच काही नसेल तर उघड्या डोक्यापेक्षा सायकलचं बरं, इतकंच. क्रिकेटचं हेल्मेट चेंडूसाठी असतं, त्याचा इथे विचारच नको.

घोडेस्वारीच्या हेल्मेटची चाचणी वेगळी असते. ते सपाट पृष्ठभागावर आपटतात, तसंच टापेच्या कडेसारख्या टोकदार लोखंडावरही आपटून बघतात. आत चिकटवलेलं लेबल वाचा. अमेरिकेचं मानक एएसटीएम एफ ११६३, ब्रिटनचं पास ०१५, युरोपचं व्हीजी१ ०१.०४० किंवा ईएन १३८४. यातल्या शेवटच्याची जुनी आवृत्ती मागे घेतली गेली होती, त्यामुळे त्यापुढे २०१७ किंवा नंतरचं साल आहे ना ते पाहा. लेबलच नसेल तर ते हेल्मेट शोभेचं समजा. वर मखमल लावलेल्या सुंदर काळ्या टोप्या मिळतात, आत नुसता पातळ स्पंज. लग्नाच्या वरातीला चालतील.

भारतात डेकॅथलॉनच्या दुकानांत फुगान्झा नावाने घोडेस्वारीचं सामान मिळतं, आणि रायडिंग क्लबातले शिक्षकही विक्रेते सुचवतात. महाग तेच चांगलं असं नाही. अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०२२ च्या अखेरीपासून या हेल्मेटांची चाचणी घेऊन त्यांना दर्जाचे तारे देतं, आणि त्या यादीत किंमत व दर्जा यांची जोडी जुळतेच असं नाही. पैसे मापावर आणि लेबलवर घाला, चकचकीवर नको.

दुसरी पायरी: माप

शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या वर साधारण दोन सेंटिमीटरवरून, कानांच्या थोडं वरून, डोक्याच्या मागे जो सर्वांत फुगीर भाग असतो त्यावरून फिरवा. आलेले सेंटिमीटर म्हणजेच बहुतेक कंपन्यांचं माप. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून पट्टीवर मोजा.

माप बरोबर असूनही हेल्मेट टोचू शकतं, कारण डोक्यांचे आकार वेगळे. कुणाचं गोल, कुणाचं लांबुळकं. कपाळावर आणि मागे दाब येतो पण कानांपाशी फट राहते, तर हेल्मेट तुमच्या डोक्यासाठी फार गोल आहे. दुसरी कंपनी बघा, मोठं माप नको.

मुलांच्या बाबतीत आपली एक सवय इथे घातक ठरते. गणवेश घेताना, बूट घेताना "वाढतं वय आहे, एक नंबर मोठाच द्या" असं आपण सांगतो. हेल्मेट आजच्या डोक्याचंच घ्या. सैल हेल्मेट पडताना मागे सरकतं आणि कपाळ उघडं पडतं, किंवा पुढे घसरून डोळे झाकतं. मागे माप कमीजास्त करायचं चाक असतं, त्याने थोडी सवड मिळते, पण मुळात ढगळ असलेलं हेल्मेट त्या चाकाने घट्ट होत नाही.

तिसरी पायरी: डोक्यावर बसवणं

आधी केस. अंबाडा डोक्यावर असेल तर हेल्मेट वर उचललं जातं. केस मानेपाशी खाली बांधा किंवा वेणी घाला. क्लिपा, टोकदार पिना, गजरा, मोठे झुमके सगळं काढा, पडल्यावर तेच टाळूत किंवा मानेत घुसतं. एकदा केस मोकळे सोडून आणि एकदा बांधून हेल्मेट घालू नका, दोन्ही वेळी माप वेगळं लागतं.

हेल्मेट पुढून घालून मागे दाबा. पुढची कड भुवयांच्या वर एक-दोन बोटं, जमिनीला समांतर. फोटो छान यावा म्हणून ते मागे ढकलायची फार हौस असते. तसं केलं की कपाळ उघडंच राहिलं.

आता पट्टा न लावता डोकं जोरात हलवा, 'नाही नाही' आणि 'हो हो' दोन्ही. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी आणि भुवया हलल्या पाहिजेत. हेल्मेट एकीकडे आणि डोकं दुसरीकडे जात असेल तर ते मोठं आहे. मग खाली वाका. पट्टा न लावताही ते गळून पडायला नको. दहा मिनिटं घालून ठेवा. सगळीकडून सारखा दाब जाणवला तर ठीक, एकाच जागी ठणकायला लागलं तर नाही.

शेवटी पट्टा. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीखाली एकत्र यावेत, कानावरून जाऊ नयेत. बक्कल लावल्यावर पट्टा आणि गळा यांच्यामध्ये एक बोट जेमतेम जावं. तोंड मोठं उघडून जांभई दिल्यासारखं करा, पट्टा ताणला जाऊन हेल्मेट किंचित खाली ओढलं गेलं पाहिजे. मग कुणाला तरी मागून हेल्मेट वर आणि पुढे ढकलायला सांगा. ते निघून आलं तर आतापर्यंतची सगळी मेहनत वाया.

भाड्याच्या घोड्यावर बसताना

इथे निवड कमी असते, म्हणून विचारायची भीड बाळगू नका. "दादा, याहून लहान मापाचं आहे का?" एवढं विचारलं तर कुणी रागावत नाही. मिळालेलं हेल्मेट उलटं करून आत बघा. थर्माकोलसारख्या थराला भेग नाही ना, दबलेली जागा नाही ना, बक्कल खट्कन लागतं ना, पट्टा उसवलेला नाही ना. आतला थर गायब असेल आणि नुसतं प्लास्टिकचं कवच असेल तर ते परत द्या आणि दुसरा घोडेवाला बघा.

घामट वासाची किंवा उवांची काळजी वाटत असेल तर आतून पातळ सुती रुमाल किंवा वापरून फेकायची कागदी टोपी घाला. जाड स्कार्फ, लोकरी टोपी किंवा गोल्फची टोपी घालून वर हेल्मेट चढवू नका, पकड जाते. जे कुटुंब वरचेवर डोंगरावर जातं त्याने मुलांसाठी स्वतःचं हेल्मेट न्यावं हे सर्वांत सोपं. आणि लहान मुलाला आपल्या पुढ्यात घेऊन एकाच खोगिरावर बसू नका. पडलात तर तुमचं वजन त्याच्यावर येतं, त्याला हेल्मेट पुरत नाही.

हेल्मेट घोड्याजवळ जायच्या आधी घाला आणि खाली उतरून घोड्यापासून दूर झाल्यावरच काढा. लाथ बहुतेकदा जमिनीवर उभ्या असलेल्या माणसालाच बसते. तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा आवळताना, पाय ठेवायच्या रिकिबीची लांबी ठरवताना, सेल्फीसाठी घोड्याच्या मागे उभं राहताना डोकं टापेच्या टप्प्यात असतं.

पडल्यावर

घोडेस्वारी शिकवणारे जुने लोक सांगतात, पडलात तर लगेच परत चढा, नाहीतर भीती बसते. एरवी हा सल्ला चांगला आहे. डोकं आपटलं असेल तर मात्र त्या दिवशी परत घोड्यावर बसायचं नाही, कितीही बरं वाटत असलं तरी. मेंदूला बसलेला धक्का कधी कधी तासा-दोन तासांनी कळतो. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, तेच तेच विचारणं, झापड येणं, बोलताना जीभ अडखळणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणं यातलं काहीही दिसलं तर रुग्णालय गाठा. पुढचे दोन दिवस घरातल्या कुणी तरी लक्ष ठेवावं. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना लक्षणं नसतानाही डॉक्टरांकडे न्यावं.

पडलेला माणूस बेशुद्ध असेल किंवा मान दुखते म्हणत असेल तर हेल्मेट काढू नका, उचलून बसवू नका, पाणी पाजू नका. डोकं आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी धरा आणि १०८ ला फोन लावा. श्वास अडत असेल तरच पट्टा सोडा.

सांभाळायचं कसं, टाकायचं कधी

आतला थर एकदाच दबतो. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल दाबून बघा, खड्डा पडतो तो परत भरत नाही, तसंच हे. म्हणून जोराने आपटलेलं हेल्मेट बाहेरून नवंकोरं दिसलं तरी बदला. एकदाही न पडता पाच वर्षं झाली तरी बहुतेक उत्पादक बदलायलाच सांगतात, कारण घाम, ऊन आणि वापराने थर कमजोर होतो.

उन्हात बंद गाडीच्या मागच्या काचेखाली ते ठेवू नका. पेट्रोल, थिनर, रंग यांपैकी काही लावू नका. आतलं कापड सुटं निघत असेल तर ते साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा, कवच ओल्या फडक्याने पुसा. जुनं हेल्मेट टाकताना पट्टा कात्रीने कापून टाका. नाहीतर भंगारातून ते पुन्हा कुणाच्या तरी तबेल्यात, भाड्याच्या खुंटीवर जाऊन लटकतं.