आंब्याचं कलम लावण्याआधी खड्ड्यात पाणी ओतून बघा

आम्ही पण सगळे करतात तसंच केलं होतं. राजापूरकडे कातळावर वीस खड्डे मारून घेतले, शेणखत भरलं, नर्सरीतून हापूसची कलमं आणून जूनमध्ये लावली आणि मुंबईला परत. गणपतीला गावी गेलो तर वीसातली आठ मेलेली. मला वाटलं वाळवी लागली असेल. शेजारच्या काकांनी एक कलम धरून नुसतं वर खेचलं तर अख्खं हातात आलं, मुळं काळी पडलेली आणि कुजका वास. "तहानेने नाय रे मेली, बुडून मेली," म्हणाले. अखंड कातळातला खड्डा म्हणजे बादलीच, आपल्याकडे तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, भरलेलं पाणी जाणार कुठे?

म्हणून पहिलं काम निचरा बघायचा, तेही एप्रिल-मे मध्येच. हातभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरलं की परत भरा. रात्री भरलेलं पाणी सकाळी तसंच दिसलं तर तिथे आंबा थेट लावू नका. कातळ असेल तर उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापर्यंत चर फोडून घ्या म्हणजे पाणी बाहेर पडेल. कातळाला भेगा असतील तर नशीब समजा, मुळं त्यातूनच खाली जातात.

मातीचं म्हणाल तर आंबा फार लाडावलेलं झाड नाही. कोकणातली जांभ्याची तांबडी माती, पोयट्याची माती, मुरमाड जमीन, सगळीकडे येतो, फक्त दीड-दोन मीटर खोली आणि निचरा पाहिजे. सामू म्हणजे पीएच साधारण ५.५ ते ७.५ च्या मधे असला की बरं. खरी अडचण देशावर, मराठवाड्यात येते. माझ्या साडूने लातूरकडे केसर लावलाय, तिथली भारी काळी माती पावसाळ्यात चिखल धरते आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तोडते, शिवाय खाली चुनखडी. अशा जमिनीत खड्ड्यापेक्षा उंच वरंबा करून त्यावर कलम लावलेलं चांगलं. चुनखडी बघायची घरगुती युक्ती म्हणजे खालच्या थरातली कोरडी माती ताटलीत घ्यायची आणि वर व्हिनेगर ओतायचं, जोरात फसफसली की समजायचं चुना भरपूर आहे. तिथे झाडाला लोह मिळत नाही, नवीन पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पण पाच-पन्नास झाडं लावायची असतील तर ताटलीवर भागवू नका, ३०-३० सेंटीमीटरच्या थरांचे ९० सेंटीमीटरपर्यंत वेगवेगळे नमुने काढून माती परीक्षण करूनच घ्या.

खड्डा एक मीटर लांब, रुंद, खोल. वरची चांगली माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकायला सांगा, नाहीतर गडी सगळं एकत्र करून ठेवतात. भरताना चांगली माती, तीन-चार घमेली कुजलेलं शेणखत, दोन किलो सुपर फॉस्फेट आणि वाळवीसाठी थोडी निंबोळी पेंड. खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच भरायचा, कारण पावसात माती बसते आणि खळगा होतो. आणि कलमाचा जोड मातीच्या वर म्हणजे वरच राहायला हवा.

आता पाणी. पाऊस गेला की पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा एकेक बादली, म्हणजे १५ लिटर तरी द्या. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा पण थोडं जास्त, तिसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी. जमीन हलकी असेल तर अंतर कमी करा, वीतभर खालची माती मुठीत दाबून बघितली की कळतंच. गावी रोज कोणी नसेल तर बाजूला मातीचं मडकं पुरून त्यात पाणी भरून ठेवा, झिरपत राहतं. बुंध्यापासून जरा लांब वाळलेलं गवत पसरा. खाडीजवळची विहीर असेल तर उन्हाळ्यात पाणी चाखून बघा, मचूळ पाण्याने पानांची टोकं करपतात.

झाड फळाला आलं की मात्र सगळं उलटं. पाऊस संपल्यापासून मोहोर येऊन फळ धरेपर्यंत पाणी बंद. जमीन सुकून वर थंडी पडली की मोहोर येतो, त्या वेळी पाणी दिलंत तर झाड पालवी काढतं. आमच्या वाडीत एकाने ड्रीपला टायमर लावला आणि बंद करायचाच विसरला, डिसेंबरात काय सुंदर तांबूस पालवी आली होती, लोक फोटो काढत होते, आंबे मात्र शून्य. फळं वाटाण्याएवढी झाली की मग पंधरा दिवसांच्या अंतराने ३-४ वेळा, मोठ्या झाडाला दर वेळी १५० ते २०० लिटर पाणी द्यायचं, त्याने गळ कमी होते आणि फळ भरतं. आळं बुंध्याशी नको, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे करा, पाणी पिणारी मुळं तिकडे असतात. काढणीच्या महिनाभर आधी परत बंद. झाडाखाली गवताचं आच्छादन त्या दिवसांतही राहू द्या, तापलेल्या जमिनीची धग फळाला लागली की हापूसमध्ये साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, वाढतो.

आमच्या त्या आठ खड्ड्यांपैकी सातांना चर फोडून पुढच्या वर्षी परत कलमं लावली. आठव्याला ब्रेकरची छिन्नीच तुटली, तो तसाच सोडलाय, पावसाळ्यात त्यात बेडकं असतात.